दमणला देवका बीचजवळ नव्याने केलेलं हॉटेल: वयस्क माणसांना घेऊन कोणी राहिलंय का?

रावपुऱ्याची सून

नमस्कार मंडळी. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला डिसेंबरात पन्नास वर्षं होतायत. हॉल घेऊ, दांडिया बाजारातली सगळी पाहुणेमंडळी बोलावू असं आम्ही म्हणत होतो, तर बाबांनी एका वाक्यात निकाल लावला: "जेवणावळ नको, समुद्र दाखवा." गोवा त्यांना झेपायचा नाही, मुंबईच्या चौपाटीवर त्यांचा जुना राग आहे (का ते विचारू नका, दोन तास जातील). तेव्हा दमण. बडोद्याहून वापीपर्यंत गाडी आणि पुढे बारा किलोमीटर टॅक्सी, एवढं दोघांना जमेल.

देवका बीचच्या रस्त्यावरचं एक जुनं हॉटेल मनात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. बरीच वर्षं नुसतं उभं होतं, आता सगळं नव्याने केलंय म्हणतात. फोटोत पांढराशुभ्र लॉबी, सोनेरी दिवे, पलंगावर टॉवेलचे हंस. लोकांचे अभिप्राय वाचले तर डोकं फिरलं. अर्धे म्हणतात स्वर्ग, अर्धे म्हणतात नुसता रंग फासलाय. समुद्राकडच्या खोलीचं भाडं सहा हजारांच्या आसपास सांगतायत.

बाबांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. चालतात व्यवस्थित, पण पायऱ्या म्हटल्या की चेहरा पडतो. आईंना दमा आहे आणि कसलाही उग्र वास सहन होत नाही. अशा नव्याने केलेल्या हॉटेलात प्रत्यक्ष राहिलेल्या कोणीतरी खरं काय ते सांगा. शनिवार-रविवार जावं की मधल्या वारी? आणि तिथे पाण्यात पाय बुडवता येतात का? बाबांचा हट्ट तेवढाच आहे.

निझामपुरा ९०

बिनधास्त जा. दमण आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही. देवक्याला समुद्राच्या कडेने सव्वापाच किलोमीटरच्या वर फरसबंद रस्ता झालाय, २०२३च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं त्याचं. नमो पथ म्हणतात. बाकं आहेत, दिवे आहेत, संध्याकाळी फिरायला एक नंबर. वंदे भारत वापीला थांबते. आम्ही मित्र-मित्र गेलो होतो, खोली कशी होती ते फारसं आठवत नाही 😄

खंडेराव मार्केटवाली

वरच्या भावाला खोली का आठवत नाही ते आपल्याला कळलं, पुढे जाऊ.

सूनबाई, मी मागच्या हिवाळ्यात आईला आणि मावशीला घेऊन त्याच रस्त्यावर राहून आले. तुमचंच हॉटेल की दुसरं ते माहीत नाही, मीही नाव घेत नाही. पण तेही जुनं, नव्याने केलेलं, आणि टॉवेलचे हंस तिथेही होते.

पहिली गोष्ट लिफ्ट. फोनवर मी विचारलं, "लिफ्ट आहे ना?" तर "हो मॅडम, नवीन बसवली आहे." खरंच होती, आरसाबिरसा लावलेली. पण जुन्या इमारतीत लिफ्टला जागा ठेवलेलीच नव्हती, म्हणून ती बाहेरच्या बाजूने जिन्याला चिकटवून उभी केली होती. आणि ती थांबायची कुठे? दोन मजल्यांच्या मधल्या चौकात. म्हणजे लिफ्टमधून उतरा आणि वर नऊ पायऱ्या चढा, नाहीतर खाली नऊ उतरा. मावशी म्हणाली, "ही लिफ्ट सामानासाठी असेल गं." तेव्हा तुम्ही लिफ्ट आहे का असं विचारूच नका. लिफ्टच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या, असं विचारा. आणि रस्त्यावरून लॉबीत जायला किती, तेही. भरतीचं आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्या रस्त्यावरच्या बऱ्याच इमारतींचं जोतं उंच आहे. उताराचा रॅम्प असतो तोही कधीकधी इतका उभा की त्यावरून बॅग ढकलता येते, बाबांना नाही.

दुसरी गोष्ट न्हाणीघर. हल्ली ज्याला त्याला हॉटेल "बुटीक" करायचंय, त्यामुळे खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये आख्खी काचेची भिंत! पडदा होता, पण तो खोलीच्या बाजूने. म्हणजे आत गेलेल्या माणसाची लाज बाहेर बसलेल्या माणसाच्या हातात. आमच्या आईने आत जाताना दर वेळी मला बाल्कनीत पिटाळलं. बाल्कनीतून समुद्र छान दिसायचा, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण तुमच्याकडे सासू-सासरे आहेत, आधी विचारून घ्या. फरशी चकचकीत, ओली झाली की घसरगुंडी. धरायला दांडा कुठेच नाही. आम्ही दारात जाडा पंचा अंथरून ठेवला होता. कमोड भिंतीवर टांगलेला आणि बुटका. गुडघे बदललेल्या माणसाला बुटका कमोड म्हणजे शिक्षाच. तुमच्या घरी वर बसवायचा प्लास्टिकचा उंच रिंग असेल तर सरळ बॅगेत टाका, लाजू नका.

खोली मात्र खरंच छान होती, खोटं कशाला बोलू. गादी नवी, चादरी शुभ्र, एसीचा आवाज नाही, बल्ब सगळे लागत होते. नाश्त्याला पोहे चक्क आपल्यासारखे, साखर कमी. पोऱ्या इतका गोड की मावशी त्याला नातवासारखं रागवायला लागली. हे सगळं फोटोत होतं तसंच मिळालं. फोटोत नव्हतं ते वेगळं निघालं. सकाळी नळ सोडला की आधी तांबूस पाणी, मग स्वच्छ. गीझर आणि एसी एकदम लावले की फटकन वीज जायची, मग खाली फोन करा, मग माणूस येऊन बटण वर करणार. लॉबी बघून हॉटेल ठरवणं म्हणजे मांडव बघून जावई पसंत करणं आहे.

आता वार. शनिवार-रविवार चुकूनही नको. आपल्या गुजरातेत दारूबंदी, दमणला मोकळीक, त्यामुळे सुरत-वापीपासून आपल्या बडोद्यापर्यंतची जनता शनिवारी दुपारपासून तिथे. रात्री दोनपर्यंत खाली गाड्यांचे दरवाजे आणि गाणी. रविवारी दुपारी चारनंतर तोच रस्ता देवघरासारखा शांत. सोमवार ते गुरुवार भाडंही उतरतं, घासाघीस करता येते. नाताळ ते ३१ डिसेंबर तर विचारच करू नका. आणि येताना कोणी हौशी भाचा "एकच बाटली" म्हणाला तर त्याला टॅक्सीतून उतरवा. सीमेवर तपासणी असते आणि गुजरातेत ती आणणं गुन्हा आहे, मग आजोबांचा सुवर्णमहोत्सव पोलीस चौकीत.

बिलाचंही सांगते. २२ सप्टेंबर २०२५पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. त्यावरच्या खोलीला १८. सहा हजारांची खोली तुम्हाला ५ टक्क्यांतच बसायला हवी. "टॅक्स वेगळा" म्हणाले की किती ते लिहून मागा.

जुना ठेकेदार, कारेलीबाग

ताईंनी तांबूस पाणी आणि वीज जाणं लिहिलं, त्यावरून त्या हॉटेलचं काम डोळ्यांसमोर आलं. आयुष्यभर इमारतीच्या दुरुस्तीची कामं केली, वलसाड-दमणकडेही केली, म्हणून थोडं लिहितो.

मालकाकडे पैसे असतात तेवढे तो दिसेल तिथे घालतो. लॉबी, पलंग, पडदे, फरशी. भिंतीच्या आतल्या जुन्या लोखंडी पायपा बदलायच्या तर सगळी न्हाणीघरं फोडावी लागतात आणि हॉटेल महिनोन्‌महिने बंद. मग जुन्याच पायपांवर नवे नळ बसतात. रात्रभर पाणी उभं राहिलं की गंज उतरतो, सकाळी पहिला नळ तांबूस येतो. वायरींचं तसंच. पूर्वी खोलीत पंखा आणि दोन दिवे असायचे. आता एसी, गीझर, किटली, टीव्ही, सगळं त्याच जुन्या वायरींवर.

समुद्राजवळ यात मिठाची भर. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ काँक्रीटमध्ये शिरून सळईपर्यंत पोहोचतं. सळई गंजली की फुगते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, मग स्लॅबला तडे जातात आणि पोपडे पडतात. वरून पीओपीचं छत लावलं की हे सगळं झाकलं जातं. गंमत बघा, मोटी दमणच्या, म्हणजे नदीपलीकडच्या भागातल्या, किल्ल्यातलं बॉम जीझस चर्च १६०३चं. त्याच खाऱ्या वाऱ्यात उभं आहे, कारण दगड आणि चुन्याच्या भिंतीत गंजायला सळईच नाही. आपल्या वाडी-रावपुऱ्यातली जुनी घरं चुन्याची आहेत, तीही शंभरी सहज काढतात. सिमेंटची हॉटेलं तीस-चाळीस वर्षांत रडायला लागतात.

पाहुण्याला हे सगळं तपासता येत नाही, पण खोली ताब्यात घेताना थोडं बघता येतं. न्हाणीघराच्या दाराची खालची कड फुगलेली आहे का. खिडकीच्या सरकत्या तावदानाची चाकं फिरतात का, समुद्राकाठी ती सगळ्यात आधी धरतात. स्टीलच्या नळावर, दांड्यावर चहासारखे डाग आहेत का. ३०४ नंबरचं स्टील खाऱ्या हवेत डागाळतं, ३१६ नंबरचं टिकतं, पण महाग म्हणून कोणी घालत नाही. पलंगामागच्या भिंतीला खालून लोणा फुटलाय का. नवा वॉलपेपर फक्त खालच्या दोन फुटांत फुगलेला दिसला की आत ओल आहे असं समजा आणि खोली बदलून मागा. शक्यतो सगळ्यात वरच्या मजल्यावर राहू नका, गच्चीची गळती तिथे पहिली.

सूनबाईंच्या आईंसाठी महत्त्वाचं. रंगाचा वास काही दिवसांत जातो, त्याची फार काळजी नको. नव्या फर्निचरचा वास जात नाही. प्लायवुड आणि एमडीएफच्या (लाकडाच्या भुश्याच्या दाबून केलेल्या फळ्यांच्या) डिंकातून फॉर्माल्डिहाइड नावाचा झोंबणारा वायू महिनोन्‌महिने निघत राहतो आणि बंद एसीच्या खोलीत तो साठतो. दम्याच्या माणसाला तोच त्रास. म्हणून उघडणारी खिडकी आहे का ते पक्कं विचारा. नव्या कामात बरेच जण आख्खी काच पक्की बसवतात, दिसायला सुंदर, हवेला बंद. काम कधी संपलं तेही विचारा. एक पावसाळा झालेली खोली केव्हाही बरी, वासही कमी आणि गळतीही उघडी पडलेली असते.

तिथलवाला

सगळे दमण दमण करतायत म्हणून. वलसाडला उतरा, तिथल पाच-सहा किलोमीटर. वाळू काळी आहे, फोटो गोव्यासारखे येत नाहीत. पण दारू नाही त्यामुळे दंगा नाही, स्वामीनारायण मंदिर समुद्रावरच, आणि हिवाळ्यात वाटेत डुंगरीच्या बाजूला उंबाडियुं मिळतं. पापडी, कंद, बटाटे मडक्यात भरून, मडकं उलटं ठेवून भाजतात. आईंचा उपासबिपास नसेल त्या दिवशी खा.

रावपुऱ्याची सून

बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार. तिथल बाबांना सुचवून पाहिलं, पण त्यांना बोंबील हवेत आणि ते दमणलाच खायचे आहेत. सासूबाई म्हणाल्या, "पन्नास वर्षं ऐकलं, अजून एकदा ऐकते."

ताईंनी सांगितलेले प्रश्न घेऊन हॉटेलला फोन केला. मुलगा आधी "सब नया है मॅडम" एवढंच म्हणत होता. पायऱ्यांचं विचारल्यावर गप्प झाला, मग स्वतः मोजून आला. भला मुलगा. लिफ्ट तशीच, मधल्या चौकात थांबणारी! वर सात पायऱ्या. तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, रस्त्यापासून रॅम्प, खिडकी उघडते, काचेची भिंत नाही, काम मागच्या उन्हाळ्यात झालेलं. पण तिथून समुद्र दिसत नाही, मागची बाग दिसते. भाडंही दीड हजारांनी कमी. आता काय करू? बाबांनी समुद्र मागितलाय आणि मी त्यांना बाग दाखवू?

खंडेराव मार्केटवाली

तळमजला घ्या, डोळे झाकून. समुद्र रस्त्यापलीकडे आहे, खोलीत आणायची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ बाकावर बसवा. दर वेळी सात पायऱ्या चढून मिळालेल्या समुद्राकडे बाबा बघणार नाहीत, गुडघ्याकडे बघतील. आमची मावशी पहिल्या दिवसानंतर खोलीत फक्त झोपायला गेली, दिवसभर खालच्या बाकावर. आणि न्हाणीघरात दांडा नसेल तर आत प्लास्टिकची खुर्ची ठेवायला सांगा, आंघोळ बसून करू दे.

पण पाय बुडवायचे ते देवक्याला नको. तिथे ओहोटीला नुसते खडक आणि चिखल, शेवाळावरून माझाच पाय सटकला असता. टॅक्सी करून पूल ओलांडून मोटी दमणच्या बाजूला जंपोरला जा. वाळू सपाट आहे, सुरूची झाडं आहेत, सावली आहे. तिथेच गाड्यांवर तळलेले बोंबीलही मिळतील.

जुना ठेकेदार, कारेलीबाग

जंपोरला जायचं तर भरती-ओहोटी बघून. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी असल्याने तिथे पाणी फार चढतं-उतरतं. आत भावनगरला तर भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या वर जातो. दमणला तेवढं नाही, पण ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की बाबांना चिखलातून चालत जावं लागेल.

कोकणातल्या कामावरच्या मुकादमाने मला हिशेब शिकवला होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. हा हिशेब मुंबई-कोकणचा. आखाताकडे वर जावं तशी भरती उशिरा, म्हणून दमणला तासभर तरी पुढे धरा. पंचमीला गेलात तर संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी भरलेलं आणि डिसेंबरात सूर्य साधारण सहाला बुडतो. लोक हौसेने पौर्णिमा गाठतात, पण पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री. संध्याकाळी सूर्यास्ताला जाल तर समोर चिखल. शुद्ध असो की वद्य, पंचमी ते सप्तमी बघा. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर ताडून घ्या, पाऊणपट म्हणजे अंदाज.

निझामपुरा ९०

काका, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर! आम्ही पौर्णिमा बघून गेलो होतो. चिखल मात्र आठवतोय.

रावपुऱ्याची सून

ठरलं. मंगळवार ते गुरुवार, तळमजल्यावरची खोली, टॅक्स ५ टक्के लिहून आलाय. तिथीची पाऊणपट ऐकून बाबा इतके खूश झाले की कालनिर्णय आणि पेन्सिल घेऊन बसलेत, तारीख आता तेच काढणार. आईंचा मंगळवार-गुरुवार सामिष नसतं, त्यामुळे बोंबील बुधवारी. उंच रिंग बॅगेत भरली. सासूबाईंनी ती जुन्या साडीत गुंडाळली आहे, स्टेशनवर कोणी बघायला नको म्हणून.

वरची समुद्राकडची खोली नवऱ्याने आमच्या दोघांसाठी परस्पर घेऊन टाकली. भाडं तो भरणार आहे, त्यामुळे मी काही बोलले नाही.